रविवारचा सराव

त्याचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा, पण मैदानावर सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. वयाच्या पस्तिशीत कुणाच्या तरी आग्रहाखातर तो फ्रिस्बी खेळायला गेला आणि तिथेच रमला. गुडघ्यानं साथ सोडल्यावर खेळणं थांबलं, शिकवणं सुरू झालं. चौदा-पंधरा जणांचा संघ होता. एक प्लंबर, एक शिंपी, दोन कॉलेजातल्या मुली, बँकेतला एक टक्कल पडलेला शिपाई आणि कर्णधार म्हणून इस्पितळातली एक नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणत. सात जण इकडे, सात जण तिकडे, मध्ये प्लास्टिकची एक चकती. हातात चकती असली की पळायचं नाही, दहा मोजेपर्यंत दुसऱ्याकडे फेकायची आणि शेवटी समोरच्या टोकाच्या पट्ट्यात झेलायची. खेळ एवढाच. पंच नसतो. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं स्वतःच हात वर करून सांगायचं. नवा माणूस आला की आधी हसायचा, "मग सगळे चोरच असणार की!" चार सामने खेळल्यावर त्याचं हसू मावळायचं.

वस्तादाची खरी हौस म्हणजे सरावाची आखणी. शनिवारी दुपारी जेवणं झाली की तो पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसायचा. कामावर रोज उठून काहीतरी अडकलेलं, बंद पडलेलंच बघायचं. इथं मात्र सगळं त्याच्या मनासारखं हलायचं. एका सरावाला एकच विषय, हा त्याचा दंडक. आज वाऱ्यात फेकायचं तर वाऱ्यातच फेकायचं, उगाच दहा गोष्टींचा काला करायचा नाही. रांगेत कुणी दोन मिनिटांपेक्षा जास्त उभं राहता कामा नये, दर वीस मिनिटांनी पाणी. आणि सुरुवातीला सगळ्यांनी गोल करून बसायचं, कुणाचं काय दुखतंय, कुणाची झोप झाली नाही, ते एकेकानं सांगायचं. त्यात दहा मिनिटं जायची. शिंपी रोज नवं काहीतरी दुखवून घ्यायचा. प्लंबर म्हणायचा, "ह्याचं काय दुखत नाही तेवढं सांगायला लावा, वस्ताद, लवकर आटपेल."

या संघात वस्तादाचा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ, एकतीस वर्षांचा. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. लहानपणापासून पायाला भिंगरी लागलेली, म्हणून नावच भिंगरी पडलं होतं. वस्तादाची बायको त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. तिनं त्याला कडेवर घेऊन वाढवला होता आणि त्याच्याशी सरळ कधी बोलली नव्हती. "मेल्या, चप्पल बाहेर काढ," "मेल्या, किती वाळलायस." तिच्या तोंडचं 'मेल्या' ऐकलं नाही तर त्याला चुकल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात त्यांचा संघ अकरा-सातनं पुढे होता. शेवटच्या वीस मिनिटांत सगळ्यांचे पाय जड झाले, हातातली चकती सारखी जमिनीवर पडायला लागली आणि सामना तेरा-बारानं गेला. वस्तादाच्या ते जिव्हारी लागलं. महिनाभर तो लिफ्टच्या खोलीत वंगण लावतानासुद्धा तोच सामना खेळत होता. मग त्यानं आखणी बदलली. गोल करून बसणं बंद झालं. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं, गप्पा घरी मारा. पाणी दोनदाच. आणि शेवटी, सगळे दमलेले असताना, जो गट हरेल त्यानं मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ वेळा पळायचं.

सिस्टर एकदा म्हणाली, "वस्ताद, माणसं रडकुंडीला येतायत."

"सामन्यात रडण्यापेक्षा इथं रडलेलं बरं," तो म्हणाला. ते वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढं दोन-तीनदा त्यानं ते वापरलं.

स्पर्धेला दोन महिने उरले होते. एका शुक्रवारी संध्याकाळी भिंगरीचा फोन आला.

"दाजी, तीन दिवस ताप होता. आज उतरलाय, पण अंगात त्राण म्हणून नाही."

वस्ताद तेव्हा एका इमारतीत सहाव्या मजल्यावर होता, खांद्यावर दोराचं वेटोळं. "रविवारपर्यंत येतं त्राण," तो म्हणाला. "तू ये तर खरा. बघू."

"बरं," भिंगरी म्हणाला.

रविवारी ऊन लवकर चढलं. भिंगरी आला. नेहमीपेक्षा जरा गप्प होता, एवढंच. आता गोल करून बसणं नव्हतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. फेकी झाल्या, धावत झेलणं झालं, शेवटी खेळ झाला आणि भिंगरीचा गट हरला. आठ फेऱ्या सुरू झाल्या. चौथ्या फेरीनंतर तो टोकाला उकिडवा बसला. तोंड पांढरं पडलं होतं.

"दाजी," तो म्हणाला, "आज नको."

वस्तादाला त्या क्षणी तापाचा फोन आठवला नाही, असं पुढं त्यानं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ते खरं नव्हतं. आठवला होता. आठवूनही तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "स्पर्धेत समोरच्यांनाही असंच सांगणार का? आज नको, उद्या या?"

काही जण हसले. भिंगरीही कसनुसा हसला आणि उठला. पाचवी फेरी त्यानं पुरी केली. सहावीत अर्ध्या मैदानात तो तोंडावर पडला, हात पुढं न करताच.

सिस्टर सगळ्यांत आधी पोचली. तिनं त्याला उताणा केला, मानेला बोटं लावली आणि छाती दाबायला सुरुवात केली. ती मोठ्यानं आकडे मोजत होती, तेवढाच काय तो मैदानावर आवाज होता. अँब्युलन्स यायला चौदा मिनिटं लागली. इस्पितळात त्याला यंत्रांवर ठेवलं आणि सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले ते भिंगरी गेल्याचं सांगायलाच.

"तापात हृदयाच्या स्नायूला सूज आली होती," डॉक्टर म्हणाले. "अशा वेळी पडून राहायचं असतं. ताप होता हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं का?"

कॉरिडॉरमध्ये वस्ताद होता, त्याची बायको होती, भिंगरीची बायको भिंतीला टेकून उभी होती, संघातले सात-आठ जण होते. वस्तादानं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी प्लंबर बोलला. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

"नाही हो डॉक्टर. मैदानावर कुणालाच काही बोलला नाही."

भिंगरीच्या बायकोनं मान वर करून वस्तादाकडे पाहिलं. ती काहीतरी विचारते आहे असं त्याला वाटलं. त्यानं मान खाली घातली. एवढंच त्यानं केलं. पण खाली गेलेली मानसुद्धा उत्तरच असते.

त्यानंतर 'भिंगरीनं ताप लपवला' हे सगळीकडे झालं. व्हॅनमधल्या पोरांच्या आईबापांत, शेजारीपाजारी, नातेवाइकांत. लोक हळहळायचे आणि हळूच म्हणायचे, पण सांगायला काय झालं होतं? वस्तादाची बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला होती. यंत्रावर काच धरलेली असतानाच ती मध्येच थांबायची, असं तिच्या दुकानातल्या बाईनं सांगितलं. घरी भांडी विसळताना ती भावाला रागं भरायची. "सांगायला तोंड नव्हतं का तुला, मे..." आणि शब्द तिथंच तुटायचा. जन्मभर लाडानं वापरलेला शब्द आता तिला पुरा करता येत नव्हता. वस्ताद बाहेरच्या खोलीत ते ऐकायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

सिस्टर एकदा त्याला रस्त्यात भेटली. तिला फोनबद्दल काही ठाऊक नव्हतं, पण 'आज नको' तिनं ऐकलं होतं. "मी आपण होऊन कुणाकडे बोलणार नाही," ती म्हणाली. "पण मला कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. ते तुम्ही धरून चाला." आणि ड्युटीला उशीर होतोय म्हणून निघून गेली.

पाच आठवडे सराव बंद होता. मग संघातल्या काहींनी निरोप पाठवला, की भिंगरीसाठी म्हणून तरी स्पर्धेत उतरू, वस्तादांनी आखणी करावी. शनिवारी दुपारी त्यानं कागद काढले. दीड तासाचा सराव लिहिला. गोल करून बसणं परत घातलं, पाणी चार वेळा केलं, फेऱ्या काढून टाकल्या. बायको मागं येऊन उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावरून वाचू लागली. चष्म्याच्या दुकानातली नजर ती, काही सुटायचं नाही.

"हे बसायचं काय आहे?"

"सुरुवातीला सगळ्यांना विचारायचं. कुणाला बरं नाही का, वगैरे."

"आधी होतं ना हे?"

"मध्यंतरी बंद केलं होतं."

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "इथं ठळक लिहा. ताप आलेल्यानं तीन आठवडे मैदानावर पाऊल टाकायचं नाही. आणि लपवलं तर संघातून काढा. एकानं लपवलं तेवढं पुरे."

वस्तादाच्या हातात पेन होतं. ते त्यानं टोपण लावून बाजूला ठेवलं.

"त्यानं लपवलं नव्हतं," तो म्हणाला. "मला सांगितलं होतं. शुक्रवारी फोन केला होता त्यानं. मीच ये म्हटलं."

बायको तशीच उभी राहिली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. आता थांबलो तर पुन्हा जमणार नाही, हे त्याला कळत होतं, म्हणून बाकीचंही त्यानं सांगून टाकलं. आज नको म्हणाला ते, आपण काय म्हणालो ते, लोक हसले ते. बोलून झाल्यावर घरात नळाचं पाणी तेवढं ऐकू येत राहिलं. बायको आत गेली, नळ बंद केला आणि पिशवी भरायला लागली.

"कुठं निघालीस?"

"आईकडे."

"अगं, निदान रागव तरी. बोल काहीतरी."

"पाच आठवडे मी त्याला बोलले," ती म्हणाली. "त्याला. तुम्ही त्या खोलीत बसून ऐकत होता." दारात चपला घालताना ती परत वळली. "त्याच्या बायकोला तुम्हीच सांगायचं. माझ्या तोंडून तिला कळणार नाही. समजलं?"

सोमवारी दुपारी अर्धी रजा टाकून तो गेला. भिंगरीची बायको घरीच कपडे इस्त्रीला घ्यायची. खोलीत लोकांचे शर्ट दोरीवर ओळीनं टांगलेले, आणि गरम कापडाचा वास. "बसा दाजी," ती म्हणाली आणि हातातला शर्ट पुरा करत राहिली. तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं फोनचं सांगितलं.

तिनं इस्त्री उभी केली, भिंतीपाशी जाऊन प्लग काढला आणि मग म्हणाली, "पुन्हा सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं.

"त्या दिवशी मी दारात आडवी उभी राहिले होते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "म्हटलं, जाऊ नकोस. दाजींना सांगितलंस का ताप होता म्हणून? तो म्हणाला, सांगितलंय, ते बघतो म्हणालेत. मग मी म्हटलं, दाजींना माहीत आहे ना, मग ते घेतील सांभाळून. आणि बाजूला झाले. मी स्वतः बाजूला झाले."

वस्ताद काढलेल्या प्लगकडे बघत राहिला.

"मग इस्पितळात तुम्ही सगळे म्हणालात, कुणाला बोललाच नाही. मी तुमच्याकडे बघितलं. म्हटलं, दाजी आता सांगतील. तुम्ही मान खाली घातली. म्हणजे जाता जाता तो माझ्याशी खोटं बोलून गेला, असं धरून चालले मी. मी त्याला नीट रडलेसुद्धा नाही, दाजी. रडू यायला लागलं की आधी राग यायचा."

"माझं चुकलं," तो म्हणाला. शब्द इतका तोकडा होता की त्याची त्यालाच लाज वाटली.

"आणि मैदानावर काय झालं? सगळं सांगा."

त्यानं सगळं सांगितलं.

"हसलं कोण?"

"आठवत नाही आता."

"आठवा."

"प्लंबर. बँकेतला शिपाई. कॉलेजातली एक मुलगी. आणि मी."

तिनं दोरीवरचा एक शर्ट उगाच काढला, घडी केली, परत उलगडला. "आता जा तुम्ही. पोरीची शाळा सुटायची वेळ झाली. तिला तुम्ही दिसायला नकोत. आणि ज्याच्या ज्याच्या कानावर गेलंय की त्यानं लपवलं, त्या प्रत्येकाला जाऊन सांगा. घरी जाऊन. फोनवर नाही."

आणि तो गेला. कामावरून सुटलं की रोज एकदोन घरं. व्हॅनमधल्या पोरांची घरं, भिंगरीचे शेजारी, त्याचा गॅरेजवाला मित्र. काहींनी पाणी पुढं केलं, काहींनी दारातूनच ऐकून दार लावलं. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, झालं ते झालं, आता कशाला उकरता?" त्यांच्या दयेनं त्याला सगळ्यांत जास्त त्रास झाला.

सासूकडे जाणं त्यानं शेवटपर्यंत टाळलं. पंच्याहत्तरीची बाई, कानानं अधू. तिला काही सांगायचं तर ओरडावं लागायचं. ती गॅलरीत शेंगा निवडत बसली होती. त्याची बायको आत होती, ती बाहेर आली नाही.

"आई, त्याला ताप होता ते त्यानं मला सांगितलं होतं."

"काय म्हणता?"

"त्यानं मला सांगितलं होतं! तापाचं!" शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थबकली.

"जरा मोठ्यानं बोला, जावई."

"त्यानं सांगितलं होतं! तरी मी बोलावलं! तो नको म्हणाला, तरी मी पळायला लावलं!" त्याचा आवाज खाली चौकापर्यंत गेला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली.

सासूनं हातातली शेंग मोडली, दाणे वाटीत टाकले. "ऐकू आलं होतं मला पहिल्यांदाच," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून तीनदा ऐकायचं होतं." आणि पुढची शेंग उचलली.

त्या रविवारचा सराव झालाच नाही; पुढच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी संघ मैदानावर जमला. सगळे गोल करून बसले, पण पहिल्यांदा वस्तादच बोलला. त्यानं फोनचं सांगितलं. प्लंबरचा चेहरा पडला.

"म्हणजे इस्पितळात मी जे बोललो, ते..."

"तू तुला ठाऊक होतं ते बोललास. मला ठाऊक होतं ते मी बोललो नाही."

बराच वेळ सगळे गवत उपटत बसले. मग प्लंबरनं हात वर केला. सामन्यात चूक कबूल करताना करतात तसा. "हसलो होतो मी," तो म्हणाला. बँकेतल्या शिपायानंही हात वर केला. कॉलेजातली मुलगी रडायला लागली आणि उठून निघून गेली. ती परत आली नाही. आणखी दोघंही पुढच्या सरावांना आले नाहीत. स्पर्धेला नाव द्यायचं राहूनच गेलं.

सिस्टरनं कागद त्याच्याकडून मागून घेतला आणि वाचला. "आखणी चांगली आहे," ती म्हणाली. "ही मी वापरीन. पण तुम्ही यायचं नाही, वस्ताद. तुम्ही इथं उभे असलात की कुणी 'आज नको' म्हणणार नाही. मीसुद्धा नाही."

तो हो म्हणाला. चकत्यांची पिशवी त्यानं तिच्या पायाशी ठेवली आणि मैदानाच्या फाटकातून बाहेर पडला. त्याला हाक मारायला कुणी उठलं नाही.

माहेरी गेल्यापासून बाराव्या दिवशी बायको परत आली. "आईनं पाठवलंय," ती दारातच म्हणाली. "मी आपण होऊन आले नाही." तिनं पिशवी आतल्या खोलीत नेली आणि ती तिथंच झोपू लागली. स्वयंपाक व्हायचा, कपडे धुतले जायचे, लाइट गेली की मेणबत्ती कुठं आहे एवढं बोलणं व्हायचं. दर शनिवारी ती भावजयीकडे जायची, पोरीला पोहायला न्यायची. काय बोलणं झालं ते सांगायची नाही, तो विचारायचा नाही.

एका रविवारी तो सवयीनं पहाटेच उठला आणि बूट घालून बाहेरच्या खोलीत बसून राहिला. उजाडलं. बायको चहा घेऊन आली. एक कप त्याच्यापुढं ठेवला.

"असे बूट घालून घरात बसू नका," ती म्हणाली. "मला बघवत नाही. कुठंतरी जाऊन या."

चहा संपवून तो उठला. मैदान डाव्या हाताला होतं. तो उजवीकडे वळला आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत चालत राहिला.